आत्याचं न बांधलेलं घर

ग्राँ रॉय, ग्रेनाडा
११ जानेवारी १९८७

तीर्थरूप फिलोमेन आत्यास,
व्हर्लिनचा सा. न. वि. वि.

तू नाताळच्या वस्तू भरून पाठवलेलं पिंप पोचलं. साबण, तांदूळ, माझे बूट, सगळं नीट आलं. पप्पांचा लोकरी स्वेटर पाहून आम्ही हसलो. इथल्या उन्हात तो घालायचा कुठे? पण ते रविवारी तो घालून चर्चला गेले आणि घामाघूम होऊन तसेच बसून राहिले. बहिणीनं पाठवलाय म्हणाले.

आता खरी बातमी. तुझ्या हॅमिल्टनच्या विद्यापीठातून पत्र आलं. इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला, सप्टेंबरपासून! त्रिनिदादच्या विद्यापीठाच्या यादीत आपल्या बेटाच्या वाट्याला दोनच जागा होत्या आणि माझा नंबर तिसरा, हे तुला कळवलंच होतं. म्हणून मी तिकडची आशा धरली होती, पण घाबरत घाबरत. पप्पांनी ते पत्र, गावाची जायफळं जिथे विकत घेतात त्या जायफळाच्या स्टेशनावर नेऊन सगळ्या बायकांना वाचून दाखवलं. त्या जायफळं निवडता निवडता ऐकत होत्या. एकीनं मध्येच विचारलं की यात पैशांचं काय लिहिलंय? पप्पांनी पान उलटून पाहिलं. मागच्या बाजूला होतं.

मी खर्चाची यादी केली आहे, सोबत जोडते. फी, पुस्तकं, विमान आणि इतर. तू तपासून दे.

आई बरी आहे. तिनं नेहमीप्रमाणे तुला काही सांगायला सांगितलेलं नाही, तरी मी तिचा नमस्कार लिहिते. तू दोनदा गावी आलीस आणि दोन्ही वेळा गुयाव्हला चुलत बहिणीकडे उतरलीस, आमच्याकडे नाही. त्याचं कारण मला कुणी सांगत नाही आणि मी विचारतही नाही.

यादीत चूक सापडली तर रागव, पण माया कमी करू नकोस.
तुझी,
व्हर्लिन


हॅमिल्टन, कॅनडा
२ फेब्रुवारी १९८७

चि. व्हर्लिन हिस,
फिलोमेन आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र धुलाईघरात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. आधी लोकांची मुलं सांभाळत आणि मग रुग्णालयाच्या चादरींची वाफ अंगावर घेत सत्तावीस वर्षं या देशात काढली, पण असं पत्र मला पहिल्यांदाच आलं. बरोबरच्या बायकांना केक खाऊ घातला. तो खर्च तुझ्या नावावर मांडते.

आता तुझी यादी. पोरी, त्यात चार ओळी आहेत आणि चौथी 'इतर'. या 'इतर'नं इथं भल्याभल्यांना बुडवलंय. कागद घे आणि लिही. परदेशी मुलांना फी वेगळी असते, वर्षाला पाच हजार दोनशे. ती दरवर्षी वाढते, हेही धर. पुस्तकं साडेचारशे, जुनी घेतलीस तर तीनशे, पण पहिल्या वर्षी जुनी कुठे मिळतात ते तुला कळायचं नाही. आजारपणाचा विमा तीनशे. बसचा पास आठ महिन्यांचा दोनशे ऐंशी. कोट, बूट, हातमोजे अडीचशे, आणि ते इथं येऊनच घ्यायचे. गावातल्या दुकानात जो 'थंडीचा कोट' मिळतो त्यानं इथला ऑक्टोबरसुद्धा निभत नाही. खोलीचं भाडं महिन्याला एकशे नव्वद आणि जेवण एकशे दहा, पण ते खोडून टाक. तू माझ्याकडे राहशील, माझ्या हातचं खाशील. वर दरवर्षी दोन हजार मी घालीन.

नोकरी करीन असं लिहिलंयस. परदेशी मुलांना कॉलेजच्या आवारातच काम करता येतं, तेही मिळालं तर. ते पैसे जमेत धरू नकोस. मिळाले तर मिठाई समज.

एवढं सगळं करून तुम्हाला चार वर्षांत सतरा हजार उभे करावे लागतील. एका इथल्या डॉलरला आपले दोन, म्हणजे चौतीस हजार. शिवाय बार्बाडोसच्या कॅनडा कचेरीत शिकायचा परवाना मागताना पहिल्या वर्षाचे पैसे खात्यात दाखवावे लागतात. तुझ्या बापाला, थेल्बर्टला हे पत्र दे, आणि तो वाचत असताना त्याच्याजवळ बस.

पैशांची काळजी मोठ्यांना करू दे, तू गणित घोटत राहा.
तुझी,
आत्या


ग्राँ रॉय
१ मार्च १९८७

तीर्थरूप ताईस,
थेल्बर्टचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन आठवडे खिशात घेऊन फिरतोय. पत्र लिहिणं मला जमत नाही, तरी लिहितो.

बँकेत आणि यूडीनच्या भिशीत मिळून बारा हजार आहेत. बावीस कमी पडतात. दुकानदार गॅरवे म्हणतो की तो महिनाभर माझ्या खात्यात वीस हजार ठेवील, कागद मिळाला की काढून घेईल, त्याचे पाचशे द्यायचे. सगळे असंच करतात म्हणतो. एकदा पोरगी तिकडे पोचली की पुढचं पुढे. नाहीतर खालचा तुकडा विकतो, जायफळाची झाडं आहेत तो. यूडीन पोरीची आई, तरी म्हणाली, झाडं विकल्यावर खायचं काय, पोरीचं सर्टिफिकेट? पण रागानं नाही म्हणाली. डोळे पुसत म्हणाली.

तू मोठी आहेस. काय करू ते सांग.

धाकट्यावर लक्ष असू दे.
थेल्बर्ट


हॅमिल्टन
२० मार्च १९८७

चि. थेल्बर्ट यास अनेक आशीर्वाद.

गॅरवेचे पैसे घ्यायचे नाहीत. त्याच्या दुकानाची पायरीही या कामासाठी चढायची नाही. का ते सांगते. माझ्या खालच्या मजल्यावर ऑर्मा म्हणून सेंट व्हिन्सेंटची मुलगी राहते. तिच्या बापानं असेच उसने पैसे दाखवले. सप्टेंबरात वाजतगाजत आली, जानेवारीत दुसरा हप्ता भरता आला नाही, नाव कमी झालं. नाव गेलं की परवाना गेला. तिकीट काढून परत जायची तिला लाज वाटली. आज सात वर्षं ती लोकांच्या घरच्या फरशा पुसते आणि पोलीस दिसला की रस्ता बदलते. घरी वाटतं मुलगी अजून शिकतेच आहे. दरवर्षी कोणता विषय चालू आहे ते ती घरच्यांना लिहून कळवते, आणि त्या पत्रातली इंग्रजी तपासायला माझ्याकडे आणते.

जायफळाची झाडंही विकायची नाहीत. लावल्यापासून फळ धरायला आठ वर्षं लागतात, हे मी तुला सांगायला नको. माझा वरचा तुकडा विक. शेजारचे लोक त्याचे चोवीस हजार द्यायला तयार होते ना? सहीचा कागद पाठव, मी सही करते. मला आता तिकडे येऊन काय करायचंय? इथं बस दारात येते, गरम पाणी आहे, चर्चमध्ये ओळखी आहेत. माझं इथंच बरं चाललंय.

यूडीनला सांग की खायचं काय हा प्रश्न बरोबर होता.

सुखी राहा आणि माझं ऐक.
ताई


ग्राँ रॉय
१२ एप्रिल १९८७

तीर्थरूप आत्यास सा. न. वि. वि.

हे पत्र मी घरी न सांगता लिहिते आहे.

तुझा तुकडा विकायचा आहे हे गावात पसरलं. परवा सुतार लेसीमामा आले. हातात गुंडाळलेला नकाशा आणि पाकिटात सहाशे डॉलर. म्हणाले, तुझ्या आत्यानं घरासाठी दिलेला विसार परत द्यायला आलोय. लाकूड गेल्या वर्षीपासून वाळत ठेवलंय, ते आता दुसऱ्याला देतो. आत्या जूनमध्ये कायमची यायची होती, सप्टेंबरला छप्पर घालायचं ठरलं होतं, तुम्हाला माहीत नव्हतं? पप्पा खालीच बसले. आई आत निघून गेली.

मी नकाशा पाहिला. दोन खोल्या, समुद्राकडे तोंड करून ओटा, आणि कोपऱ्यात तुझ्या अक्षरात लिहिलेलं, 'इथे खुर्ची'. पप्पांनी गुयाव्हच्या आत्याला विचारलं. तू साठीला पेन्शन घेणार होतीस, धुलाईघरात तसं कळवलंही होतंस, आणि माझं पत्र आल्यावर ते मागे घेतलंस, हे तिच्याकडून कळलं. तुझे गुडघे गेलेत हेही.

मी नकाराचं पत्र लिहून ठेवलंय. स्टेशनावर हिशेबनिसाची जागा निघाली आहे, ती मला मिळेल. त्रिनिदादला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन. तू जूनमध्ये ये. लेसीमामांना मी लाकूड विकू नका म्हणून सांगितलंय.

एवढ्या प्रेमाचं ओझं मला पेलणार नाही. रागावू नकोस.
व्हर्लिन


हॅमिल्टन
३ मे १९८७

चि. व्हर्लिन हिस आशीर्वाद.

रागावले आहे. आणि खूप रागावले आहे.

वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी मी लोकांच्या घरी मुलं सांभाळायला या देशात आले. तेव्हापासून घरचं छप्पर, तुझ्या बापाची शाळा, आजीची औषधं, सगळ्याला पैसे पाठवले. पाठव म्हणून पत्र यायचं, मी पाठवायची. मला हवंय का, जमतंय का, हे कुणी विचारलं नाही. आज पहिल्यांदा मी कुणीही न मागता, माझ्या मनानं काही देते आहे, तर एकोणीस वर्षांची पोर ते परत करते!

आणि घराचं म्हणशील, तर ते घर मला हौस म्हणून बांधायचं नव्हतं. तुला कारण कुणी सांगत नाही ना, मी सांगते. हे तुझ्यापुरतंच ठेव.

१९६८ साली तुझी आजी गेली. तार आली तेव्हा माझ्याजवळ दोनशे ऐंशी डॉलर होते. मी कागदावर मांडून पाहिलं. जाण्यायेण्याचं तिकीट दोनशे पंचाहत्तर. नाहीतर चांगली पेटी, पाद्रीबाबांचे पैसे आणि चार लोकांचं जेवण. थेल्बर्टचं नवं लग्न झालेलं, त्याच्या हातात काही नव्हतं. मी गेले असते तर आईला फळ्या ठोकून पुरावं लागलं असतं. दोन्ही होईनात. मी पैसे पाठवले. त्या दिवशी कामावर गेले आणि लोकांच्या मुलांना न्हाऊ घातलं.

पुढं कुणीतरी मला कळवलं की भरल्या घरात तुझी आई म्हणाली होती, पेटी आली, लेक नाही आली. तेव्हा मी ठरवलं की त्या छपराखाली पुन्हा झोपायचं नाही. परत जाईन ते माझ्या घरात. त्यासाठी एकतीस हजार साठवले आहेत, घर नाही झालं तर म्हातारपणी इथल्या भाड्याला ते लागतील. आता ते घर नको असं मला वाटलं, तर तो माझा निर्णय आहे.

नकाराचं पत्र फाडून टाक. एक जूनपर्यंत मुदत आहे.

तू माझी आहेस म्हणूनच एवढं बोलले.
आत्या


ग्राँ रॉय
२० मे १९८७

ती. वन्संना,
यूडीनचा नमस्कार वि. वि.

एकोणीस वर्षांत तुम्हाला पत्र लिहिलं नाही. आता लिहिते. शुद्धलेखन बघू नका.

व्हर्लिन तुमचं पत्र लपवत होती. मी मागितलं. तिनं दिलं. तिला बोलू नका.

ते वाक्य मी बोलले होते. मी बोललेच नाही असं म्हणणार नाही. आईंचं मी चौदा महिने केलं. उचलणं, पुसणं, भरवणं. सुरुवात केली तेव्हा लग्न होऊन मला महिनाच झाला होता. शेवटचे दहा दिवस त्या मला फिलोमेन म्हणून हाक मारत होत्या. आधी मी सांगायची, मी यूडीन. मग त्यांचा चेहरा पडायचा. मग मी सांगणं सोडलं. त्या फिलोमेन म्हणायच्या, मी ओ द्यायची. पाणी दे फिलोमेन म्हणायच्या, मी द्यायची. गेल्या त्या तुमचाच हात धरून गेल्या. हात माझा होता.

राग त्याचा होता. मला वाटायचं तिकडे गेलेल्या माणसाकडे दोन्हीचे पैसे असतात. पेटीचेही आणि तिकिटाचेही. विचारायला हवं होतं. विचारलं नाही. दोनशे ऐंशीच होते हे परवा वाचलं. वाचून दिवसभर चूल पेटवली नाही.

आता हिशेब करा. तुम्हाला घर बांधायचं ते माझ्या एका वाक्यामुळे. त्या वाक्याला एकतीस हजार लागतायत. ते पोरीनं का भरावेत. तुम्ही तरी का भरावेत. पुढची खोली मी रिकामी करते. खिडकी समुद्राकडेच आहे. पोरीला होकाराचं पत्र मी पोस्टात टाकायला लावलं. तुकडा विकायला यांना मी मनाई केली आहे. तुम्ही या. उपकार म्हणून बोलवत नाही. तुमच्याच पैशांचं छप्पर आहे.

माझ्या स्वयंपाकात मीठ जास्त असतं. चालेल का ते कळवा.

यूडीन


हॅमिल्टन
८ जून १९८७

चि. सौ. यूडीन हिस,
फिलोमेनचे आशीर्वाद, आणि ते आजवरचे सगळे एकदम.

मीठ डॉक्टरांनी बंद केलंय. तुझं तू घाल, माझं आधी बाजूला काढ.

पत्र किती वेळा वाचलं ते सांगत नाही. एकोणीस वर्षं माझी समजूत अशी की आईनं मरताना माझं नावही घेतलं नसेल. लेक आली नाही म्हणून तिनं मन घट्ट केलं असेल, असं मी धरून चालले होते. ती मला हाक मारत होती, आणि कुणीतरी ओ देत होतं, हे मला कुणी कळवलं नाही. तुझ्याशिवाय ते कळवणार कोण होतं म्हणा. आणि तुझ्याशी मी बोलत नव्हते.

तू ओ दिलीस.

येते मी.

आता व्यवहाराचं. मी नसल्यावर व्हर्लिनला भाडं आणि जेवण पडेल, म्हणजे चार वर्षांचे चाळीस हजारांच्या वर. माझे एकतीस, तुमचे बारा म्हणजे इथले सहा. बाकीचे तिनं सुट्टीत आवारात काम करून मिळवायचे, नाही मिळाले तर तेव्हा बघू. माझी खोली घरमालकीण तिला त्याच भाड्यात द्यायला तयार आहे. बँकेचं पत्र मी बार्बाडोसला पाठवलंय, आणि त्यातला प्रत्येक डॉलर खरा आहे. मला पेन्शनचे महिन्याला तीनशेच्या आसपास मिळतील, त्यातले अर्धे मी घरात देईन. नको म्हणायचं नाही. म्हणालीस तर येणार नाही.

ऑगस्टअखेर व्हर्लिन इथं येईल. दहा दिवस तिला बस, बाजार, बँक दाखवते आणि मग निघते.

थेल्बर्टला म्हणावं लेसीला ते लाकूड आता विकू दे, पण विसार त्यालाच राहू दे. त्यानं वर्षभर ते लाकूड उन्हापावसातून सांभाळलंय.

आता भेटीतच बोलू, आणि कमी बोलू.
तुझी वन्सं,
फिलोमेन


ग्राँ रॉय
२५ ऑक्टोबर १९८७

चि. व्हर्लिन हिस,
आत्याचे, पप्पांचे आणि आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र थेल्बर्टनं पोस्टातून आणलं आणि आम्ही तिघांनी स्वयंपाकघरात बसून वाचलं. गणिताच्या पहिल्या चाचणीत शंभरात अडतीस. वर्गात तुझ्याशी कुणी बोलत नाही. प्रयोगशाळेतल्या मुलानं तुला विचारलं की तुमच्याकडे वीज आहे का. खोलीत हीटर खडखडतो. आणि पंधरा नोव्हेंबरच्या आत नाव काढून घेतलं तर फीचे निम्मे पैसे परत मिळतात, हे तू दोनदा लिहिलंस.

थेल्बर्ट म्हणाला, येऊ दे पोरीला परत. तो बाप आहे, तो तेच म्हणणार. मी तुझं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तुझी आई भांडी घासत होती.

मग मी विचार केला. तू इथं असतीस तर मी काय सांगितलं असतं? हेच, की माझ्या पैशांसाठी तिथं राहू नकोस. आत्यानं सत्तावीस वर्षं लोकांची मुलं न्हाऊ घातली, चादरी धुतल्या, आता मी नापास कशी होऊ, या धाकानं शिकणार असशील तर खरंच परत ये. मी ते पैसे दिले तेव्हाच ते माझे राहिले नाहीत. तुला यायचं असेल तर मी स्वतः विमानतळावर येईन आणि तोंडातून एक शब्द काढणार नाही. पण इंजिनीअर व्हावंसं अजून वाटत असेल, तर अडतीस म्हणजे काही मरण नव्हे. पहिल्या हिवाळ्यात मला मालकिणीनं दोनदा काढून टाकलं होतं. तिच्याकडची इस्त्री कशी लावायची तेच मला कळत नव्हतं. हीटरला खालून लाथ मार, थांबेल. गणितासाठी ग्रंथालयात दर बुधवारी मोठ्या वर्गातली मुलं फुकट शिकवतात, ते मी जाताना चौकशी करून ठेवलंय. कागद टेबलाच्या खणात आहे, तू उघडलाही नसशील.

इकडचं सांगायचं तर आम्ही दोघी रोज भांडतो. मी कपडे पिळते ते तिला पटत नाही, ती नीरफणस भाजते तो मला कच्चा लागतो. गेल्या रविवारी आम्ही आईच्या थडग्यावर गेलो. मला जागा सापडेना, गवत वाढलं होतं. यूडीन पुढे झाली आणि तिनं कोयत्यानं गवत कापून दाखवलं. मी बसले, तर गुडघ्यांमुळे उठता येईना. तिनं हात दिला.

स्टेशनावरच्या बायका विचारतात, कॅनडाला परत कधी? मी उत्तर द्यायच्या आत यूडीनच सांगते की या कुठेही जात नाहीत, यांना कामं आहेत.

तुझं उत्तर काय येईल ते येवो, आमची माया त्यावर अवलंबून नाही, एवढं ध्यानात ठेव. पत्र बंद करत होते, तर तुझी आई हात पुसत आली आणि पेन मागितलं. खाली तिनं स्वतः लिहिलंय.

तुझी,
आत्या

व्हर्लिन, लवकर येऊ नकोस. पुरं करून ये. जेवतेस का ते लिही. — आई